ताईचे नऊ व्हिडिओ

मंगळवार, ४ मार्च २०२५. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहिते आहे. बत्तीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसले. येणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच विचारायचे — तारीख काय, वेळ काय. आज तक्रार माझी आहे आणि खिडकी कुठेच नाही. म्हणून ही वही.

तर अकरा वीसला, चौकातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात, काउंटरमागच्या चाळिशीच्या माणसाने माझा पेनड्राइव्ह त्याच्या मशीनला लावला, पहिल्या फाइलवर दोन टिचक्या मारल्या, एक काळा चौकोन उमटला आणि त्याने मान हलवली. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "करप्ट आहेत आजी. सगळ्याच. डिलीट मारा. बहिणीला सांगा, परत बोलून पाठवा म्हणावं."

परत बोलून पाठवा.

ताईचं स्वरयंत्र काढून आज सहा दिवस झाले.

मी म्हटलं, "नऊपैकी एक उघडून बघितलीत. बाकीच्या आठांचं तुम्हाला वासावरून कळलं का?" तर म्हणतो, "अनुभव असतो." आणि आजी कुणाची? मला ना मूल ना बाळ! पेनड्राइव्ह उपटून घेतला आणि चालत घरी आले. चालताना कळलं की चष्मा तिथेच राहिला. परत गेले, घेतला, त्याला पुन्हा एकदा बघून घेतलं आणि आले.

आता नीट लिहिते, नाहीतर उद्या माझं मलाच कळायचं नाही.

ताईच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ जाईल, माणूस राहील, आवाज जाईल. ताई म्हणाली, "दोन गोष्टी राहताहेत, एक जातेय. सौदा वाईट नाही." मग ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात, रोज दुपारी घरातले सगळे बाहेर गेले की, तिने फोनसमोर बसून माझ्यासाठी बोलून ठेवलं. नऊ व्हिडिओ. भाच्याने, आत काय आहे ते बघणार नाही असं ताईला वचन देऊन, त्याची लिंक मला ईमेलवर पाठवली. लिंक सात दिवसांची. मी सगळे उतरवून घेतले, एक अख्खा दिवस गेला त्यात. फोनवर तिचं शेवटचं बोलणं झालं ते असं — "ऑपरेशननंतरच बघ. एकटीने बघ. नववा सगळ्यात शेवटी. आणि माझ्या फोनमधून मी पुसून टाकलेत, मुलासुनेला दिसायला नकोत."

म्हणजे जगात एकच प्रत आहे आणि ती माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. तीही मुकी, आंधळी, काळ्या चौकोनाची. ऑपरेशन नीट झालं, ताई उठून बसली, हे कळल्यावर परवा मी पहिला उघडायला गेले तेव्हापासून हा प्रकार. माझा फोन बटणांचा, त्यावर काही दिसत नाही.

डिलीट मारा म्हणे.

बुधवार, ५ मार्च

भाच्याचा मेसेज. "आईने पाटीवर लिहून विचारलंय, मावशीने व्हिडिओ बघितले का? नववा बघितला का?"

ताई हॉस्पिटलच्या पलंगावर, गळ्याला भोक, नाकात नळी. तिला सांगू, की तुझे व्हिडिओ उघडतच नाहीत? ती हातातली सलाइन ओढून उठेल. मी कळवलं — "हो. सगळे बघितले. नववाही. फार सुंदर. काळजी करू नको."

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "आई म्हणते, बरं."

नुसतं बरं. ताईचं बरं मी साठ वर्षं ऐकते आहे. बरं वाटलं की ती कधीच बरं म्हणत नाही.

गुरुवार, ६ मार्च

दिवसभर कॉम्प्युटरकडे पाठ करून बसले. तोही माझ्याकडे.

शुक्रवार, ७ मार्च

वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई जिन्यात भेटल्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, "दाढ आहे का?" म्हटलं, दाढ नाही, कॉम्प्युटर आहे.

त्यांच्या दवाखान्यात शेवटचा पेशंट तोंड धरून बाहेर पडेपर्यंत बसले. मग सगळं सांगितलं. खोटं बोलले ते सोडून सगळं. त्यांनी हात पुसत ऐकून घेतलं आणि विचारलं, "काळा चौकोन येतो तेव्हा खाली काही लिहून येतं का?" मी ते उतरवून नेलं होतं. त्यांनी वाचलं आणि हसल्या.

"फाइल खराब नाहीये हो. ती ज्या भाषेत लिहिली आहे ती तुमच्या मशीनला येत नाही, एवढंच. दुभाष्या बसवायला लागतो."

"मग त्या दुकानातल्या शहाण्याला हे माहीत नव्हतं?"

"असेल माहीत. पण त्याला दुपारचा डबा खायचा असेल."

मी म्हटलं, अकरा वीसला?

त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवरच प्लेअरचं नाव लिहून दिलं. फुकट मिळतो. "जेवणानंतर घेऊ?" मी विचारलं. म्हणाल्या, "कधीही घ्या. फक्त मोठ्या हिरव्या बटणावर दाबू नका. ती जाहिरात असते. खरं बटण नेहमी बारीक आणि लाजाळू असतं." मग म्हणाल्या, "नाहीतर आणा इकडे, माझ्या लॅपटॉपवर आत्ताच लावून बघू." मी नको म्हटलं. लोकांच्या दाढा काढायच्या खुर्चीत बसून ताईचा आवाज ऐकायचा नाही मला. शिवाय तिने एकटीने बघ म्हणून बजावलं आहे.

पण फाइली जिवंत आहेत! जिना उतरताना कठड्याला धरायची आठवणसुद्धा झाली नाही. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

शनिवार, ८ मार्च

मोठं हिरवं बटण दाबलं. त्याने मला सांगितलं की माझा संगणक धोक्यात आहे, लगेच एका नंबरवर फोन करा. म्हटलं, संगणक नाही, तू धोक्यात आहेस. सगळं बंद केलं. पुन्हा पहिल्यापासून. बारीक, लाजाळू बटण सापडायला वीस मिनिटं लागली. मग "होय" "होय" "पुढे" "पुढे" — लग्नातसुद्धा माणसाला इतके वेळा हो म्हणावं लागत नसेल.

आणि पहिल्या फाइलवर दोन टिचक्या दिल्या आणि ताई आली.

तिच्या खोलीतली वेताची खुर्ची, मागे खिडकी, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. तो काढून बसावं एवढंही सुचलं नाही तिला. कॉलरला भाच्याने आणून दिलेला छोटा माइक, झुरळासारखा. केस विंचरलेले. कॅमेऱ्याकडे न बघता थोडं खालीच बघते आहे. मग वर बघितलं, हसली आणि बोलायला लागली.

आवाज नाही.

बारा मिनिटं ताई बोलत होती. हात हलवत होती, मध्येच तिला ठसका लागला, पाणी प्यायली, पुन्हा बोलली. मी आवाजाचं चिन्ह वरच्या टोकापर्यंत ओढलं. काही नाही. दुसरा लावला, तिसरा लावला. चित्र स्वच्छ, आवाज शून्य.

कॉन्व्हेंट शाळेत सकाळच्या प्रार्थनेला सिस्टरने मला पाच वर्षं मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, तू फक्त ओठ हलव. ताई पुढच्या रांगेत. अख्खा हॉल तिच्या आवाजावर चालायचा, पियानोसुद्धा. आज ती फक्त ओठ हलवते आहे आणि मी मागच्याच रांगेत बसून बघते आहे.

तरी रडले नाही. चार दिवसांपूर्वी काळा चौकोन होता, आज ताई आहे. हे काही थोडं नाही. नववा उघडला नाही. मुका उघडायचा नाही.

रविवार, ९ मार्च

ओठांवरून ओळखायचा प्रयत्न केला. पहिला व्हिडिओ चार वेळा. खालचा ओठ दातांखाली घेते ती जागा सापडली. "फौजदार." मला लहानपणापासून हेच म्हणते. त्याच्या पुढचं काही कळत नाही. पण एवढं कळलं, की माझ्याशीच बोलते आहे.

सोमवार, १० मार्च

ताईला घरी आणलं. दहा वाजून पाच मिनिटांनी भाच्याचा मेसेज. मी खुर्चीत बसले ती अर्धा तास उठलेच नाही. जखम कोरडी आहे, नळीतून नीट पोटात जातंय, रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, पुढे यंत्राच्या मदतीने थोडंफार बोलायलाही शिकवता येईल. तो आवाज तिचा नसेल, पण शब्द तिचे असतील. गाठ गेली, माणूस राहिला.

मग भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, आई शांत आहे. पाटी दिली तर दोनच गोष्टी लिहिते, पाणी आणि बस. हॉलमध्ये पलंग टाकलाय तिचा. आम्ही सगळे हळू बोलतो, तिला त्रास नको म्हणून."

"फोन तिच्या कानाला लाव," मी म्हटलं. त्याने लावला. मी दोन मिनिटं बोलले. औषधं वेळेवर घे, हट्ट करू नको, असं काहीबाही. पलीकडून नुसता श्वास. मग भाचा म्हणाला, "झोपली वाटतं."

ताई भर दिवसा शांत. ताई झोपली. लिफ्टमध्ये अडकली होती तेव्हा बाहेरच्या मेकॅनिकला आतून सूचना देणारी बाई ही!

माझ्यावर चिडली आहे. का, ते त्या फाइलींमध्ये आहे. मी बघितलं म्हणाले, आणि काहीतरी करायचं होतं ते केलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

आज डोकं ठिकाणावर ठेवून बसले.

खिडकीवर कुणी येऊन "पाणी नाही" म्हणून ओरडलं, की मी तीन प्रश्न विचारायचे. आमच्या साहेबांनी पहिल्या दिवशी शिकवले होते. एक — सगळ्या नळांना नाही, की एका? दोन — पाइपच्या मागोमाग चालत गेलात का? तीन — तुम्ही स्वतः कुठला व्हॉल्व्ह बंद केलाय का? तिसऱ्या प्रश्नाला लोक फार चिडायचे. एक गृहस्थ म्हणाले होते, "बाई, मी काय खुळा आहे?" चार दिवसांनी त्यांची बायको येऊन तक्रार मागे घेऊन गेली. निम्म्या तक्रारी तिसऱ्या प्रश्नात मिटायच्या.

तर प्रश्न एक. बातम्या लावल्या. आवाज आला, खणखणीत. म्हणजे पाणी आहे, फक्त ताईच्या नळाला नाही.

प्रश्न दोन. गुडघे टेकून टेबलाखाली गेले. कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकातून वायर निघते, भिंतीच्या कडेने वर येते, टेबलावरच्या स्पीकरमध्ये जाते. स्पीकर उलटा केला. मागे धूळ, आणि धुळीत दोन भोकं. एकात ही वायर. दुसरं मोकळं. त्याच्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं आहे — डावा.

प्रश्न तीन.

मीच. मीच बंद केलाय.

दोन वर्षांपूर्वी टेबलावर शब्दकोशांना जागा हवी होती. स्पीकर दोन होते, मी म्हटलं, एकटीच्या घरात दोन कशाला? उजव्याने भागतंय. डावा काढला. तेव्हापासून तो गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावलेला. रोज पायाने सरकवते मी त्याला!

दार आपटलं तर आपटू दे. त्याला आणला, पुसला, त्याची वायर मोकळ्या भोकात खुपसली. पहिली फाइल. दोन टिचक्या.

"ऐक गं फौजदार. आधी वही-पेन्सिल बाजूला ठेव. ही तक्रार नाहीये, मी आहे."

डाव्या बाजूने. फक्त डाव्या बाजूने. घोगरा, मध्ये मध्ये तुटणारा, पण ताईचा.

मी व्हिडिओ थांबवला. स्वयंपाकघरात गेले. ओटा पुसला. स्वच्छच होता. परत आले आणि पुन्हा पहिल्यापासून लावला.

संध्याकाळी दंतवैद्यबाईंना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, कॉलरचा माइक स्वस्तातला असला की कधी कधी एकाच बाजूला आवाज नोंदवतो. बातम्या दोन्हीकडून येतात म्हणून उजव्यात ऐकू यायच्या. "पण हे तुम्ही शोधलंत कसं?" म्हटलं, अनुभव असतो. मग त्या दुकानदाराची आठवण होऊन जीभ चावली.

आठ व्हिडिओ बघितले. तिसऱ्यात ती शाळेच्या मदरचा नाकातला आवाज काढून सूचना वाचते — मुलींनी जिन्यात पळू नये, पळायचंच असेल तर आवाज न करता पळावं. पाचव्यात मी तिची नवी चप्पल नदीत सोडली होती ते सांगायला लागते आणि तिला जे हसू येतं ते थांबतच नाही. पूर्ण एक मिनिट नुसतं हसणं. मी तीनदा ऐकलं. सातव्यात तिने फक्त हाका मारल्या आहेत. मला. वेगवेगळ्या. जेवायला बोलावताना, उशीर झाल्यावर, जिन्यातून, रागावून, आजारी असताना. म्हणते, "लागेल तेव्हा लाव. उगाच रोज लावू नको, झिजेल."

नववा ठेवलाय. तो बघितला की नवं काही उरणार नाही. उद्या सकाळी, आंघोळ करून.

बुधवार, १२ मार्च. सकाळी साडेआठ.

नववा. चार मिनिटांचा. जसा आहे तसा उतरवून घेतला आहे.

"हे शेवटचं, फौजदार. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे. आत्तापासूनच माझ्याशी हळू बोलतात. घरात कुणी गेल्यावर बोलतात ना, तसं. आवाज गेल्यावर तर मला काचेच्या कपाटात ठेवतील. मला कुणीतरी भांडायला हवंय गं. तुझी मागची खोली आहे. तिथे तू कपड्यांची घोडी आणि रद्दी ठेवतेस. मी येऊ का राहायला? कायमची? शेवटचा शब्द इतकी वर्षं मी घेत आले, आता कायम तुझा. विचार कर. तुला एकटीची सवय आहे, मला माहीत आहे. हो असेल तर सांग. नाही असेल, तर नाही म्हणायची वेळ तुझ्यावर आणायची नाही मला. नुसतं नववा बघितला, छान आहे, एवढं कळव आणि हा विषय काढू नको. मी समजेन. परत कधी विचारणार नाही."

नववाही. फार सुंदर. काळजी करू नको.

मी लिहिलं ते. पाच तारखेला. आणि ती म्हणाली, बरं.

गेले सात दिवस ताई त्या हॉलमधल्या पलंगावर माझं नाही घेऊन पडली आहे. मी तिला सलाइन लागलेल्या अवस्थेत त्रास नको म्हणून खोटं बोलले. आणि त्या खोट्याचा अर्थ तिने आधीच ठरवून ठेवला होता.

फोन उचलला. ठेवला. फोनवर मी औषधं आणि हट्ट एवढंच बोलणार, आणि तिला उलट काही विचारता येणार नाही. सगळं आजच आवरायचं आणि उद्या लेखी कळवायचं.

दिवसभर खोली रिकामी केली. रद्दी गेली. घोडी गॅलरीत. भिंतीत एक खिळा होता, त्यावर तिची पाटी राहील. कंबर मोडली आहे. पण हलकं वाटतंय — इतकं, की बसवत नाही.

गुरुवार, १३ मार्च

सकाळी नऊला भाच्याला मेसेज केला आणि बजावलं, मोठ्याने वाचून दाखव. हळू आवाजात अजिबात नाही. नक्कल इथे ठेवते —

ताईस,

दि. ५ मार्चचा माझा निरोप खोटा होता. त्या दिवशी मी एकही व्हिडिओ बघितलेला नव्हता. दोष पूर्णपणे माझा, कारण भेटीत सांगेन. तो निरोप रद्द समजावा. नववा काल सकाळी साडेआठला बघितला. मागची खोली रिकामी आहे. डॉक्टर प्रवासाची परवानगी कधी देतात, कोणत्या गाडीने येतेस, बॅगा किती आणि पलंग खिडकीशी हवा की भिंतीशी, याचं उत्तर रविवार, दि. १६ मार्च, संध्याकाळी सहाच्या आत मिळालं पाहिजे. उत्तर लेखीच द्यावं. तोंडी चालणार नाही.